इंजिनाचा भाता

"गाडीत हवा भरायला आठ हजार डॉलर? आमच्या नाक्यावरचा माणूस चारही चाकांत वीस रुपयांत भरून देतो!" मावशीचा हा शेरा आमच्या घरात आता म्हणीसारखा वापरला जातो. पण तो वाटतो तितका अडाणी नाही. ज्या वस्तूबद्दल तो होता ती वस्तू खरोखरच हवा भरण्याचे यंत्र आहे. आणि त्या हवेचा दाबही चाकातल्या हवेसारखा पौंडातच मोजतात. गंमत अशी की, चाकात तीस-बत्तीस पौंड हवा असते, आणि या आठ हजार डॉलरच्या यंत्राने इंजिनात जी जादा हवा कोंबली जाते तिचा दाब असतो अवघा सात-आठ पौंड!

कला शाखेच्या विद्यार्थ्याने वार्षिकात मोटारीच्या इंजिनावर लिहावे याचे नवल वाटेल, म्हणून आधी खुलासा करतो. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे नोकरीस आहे. त्याच्याकडे २०१६ सालची एक फोर्ड मस्टँग जीटी आहे. सेकंडहँड घेतलेली, पण जिवापाड जपलेली. या गाडीला सुपरचार्जर बसवायचे त्याच्या मनाने घेतले. बाजारात त्याची तयार किटे मिळतात. मात्र एवढे पैसे घालण्यापूर्वी वडिलांचा सल्ला घ्यावा, अशी त्याला सुबुद्धी झाली. माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले. इंजिनाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखणारे; पण इंग्रजी माहितीपत्रकांशी त्यांचे जमत नाही. ती वाचून मराठीत सांगण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. दोन महिने मी हे दुभाष्याचे काम केले. काकांच्या प्रश्नांमुळे मला जे कळले ते पुढे देत आहे. त्यात अश्वशक्तीपेक्षा उष्णतेचा भाग अधिक निघाला, हे आधीच सांगून ठेवतो.

इंजिन पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ते अर्धसत्य आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जाळायला चौदा-पंधरा ग्रॅम हवा लागते. पेट्रोल जास्त सोडणे सोपे. हवा जास्त आणणे अवघड. दादाच्या गाडीचे इंजिन आठ सिलिंडरांचे, ४,९५१ घन सेंटिमीटरचे, म्हणजे जवळजवळ पाच लिटरचे आहे. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत ते फार तर तेवढीच हवा आत ओढते. मिनिटाला ६,५०० फेऱ्यांवर हा हिशेब सोळा हजार लिटरवर जातो. गच्चीवरच्या हजार लिटरच्या सोळा टाक्या डोळ्यांपुढे आणा. एवढी हवा हे इंजिन एका मिनिटात पिते, आणि त्या जोरावर ४३५ अश्वशक्ती देते. आपल्याकडच्या लहान कौटुंबिक मोटारीत हा आकडा ऐंशीच्या आसपास असतो. मग दादाला आणखी कशाला हवी होती, हा प्रश्न मीही विचारला. उत्तर मिळाले नाही. काही प्रश्न विचारायचे नसतात.

शक्ती वाढवायची तर दोनच मार्ग: इंजिन मोठे करा, नाहीतर आहे त्याच इंजिनात हवा दाबून भरा. लोहाराने भट्टीला भाता लावावा तसा हा दुसरा मार्ग आहे. ही उपमा काकांची. पण पुढे वाचनात आले की ती इतिहासालाही धरून आहे. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणीच्या पाणचक्कीत सुधारणा करताना त्यांनी एकमेकांत अडकून फिरणाऱ्या दोन पाळ्यांचे एक यंत्र केले. पाण्यापेक्षा हवा ढकलण्याच्या कामी ते सरस निघाले. १८६० साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले आणि ते यंत्र धातू वितळवण्याच्या भट्ट्यांना वारा घालू लागले. म्हणजे मोटार जन्माला येण्याच्या पंचवीस वर्षे आधी तिचा भाता तयार होता! पुढे जनरल मोटर्सच्या ६-७१ या डिझेल इंजिनावर याच जातीचा भाता आला. (सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ते नाव.) दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी अमेरिकन पोरांनी भंगारातले हे भाते उचलून आपल्या शर्यतीच्या मोटारींवर चढवले. बॉनेटमधून डोके बाहेर काढलेला चकचकीत भाता चित्रात आपण पाहतो, तो बहुधा याच कुळातला.

टर्बोचार्जर काकांच्या रोजच्या ओळखीचा. हल्लीच्या बसगाड्यांना तो असतोच. तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरतो. सुपरचार्जर मात्र क्रँकशाफ्टवरून पट्ट्याने फिरतो. त्यामुळे पाय दाबला की हवा लगेच येते, धूर जमेपर्यंत थांबावे लागत नाही. पण त्याला फिरवण्याची शक्ती इंजिनालाच द्यावी लागते. दादाच्या इंजिनावर आठ पौंड दाबाला हा खर्च किती येईल, याचा मी काकांच्या मदतीने हिशेब केला. पूर्ण फेऱ्यांवर चाळीसएक अश्वशक्ती नुसता भाताच खातो. "आमच्या वेळी अख्खी फियाट तेवढ्यावर चालायची," काका म्हणाले. अर्थात तो शंभराहून अधिक परतही देतो, म्हणून हा व्यवहार परवडतो.

आता निवडीकडे येऊ. बाजारात तीन जातींचे भाते आहेत, आणि तिन्ही आपापल्या परीने चांगले आहेत.

पहिली जात रूट्स बंधूंची. तिचे आजचे रूप पुष्कळ सुधारलेले आहे. ईटन कंपनीच्या टीव्हीएस नावाच्या भात्यात सरळ पाळ्यांऐवजी पीळ दिलेल्या चार-चार पाळ्या असतात; २००९ सालच्या कॉर्व्हेट झेडआर१ या गाडीत तो कारखान्यातूनच बसून आला होता. राऊश, मॅग्नुसन, एडलब्रॉक या मंडळींची किटे बहुतांशी याच पाळ्यांवर उभी आहेत. दुसरी जात दोन मळसूत्रांची. आल्फ लिशोल्म या स्वीडिश अभियंत्याने १९३० नंतरच्या दशकात ती विकसित केली. पहिल्या जातीत हवा नुसती ढकलली जाते आणि पुढे जागा नाही म्हणून दाबली जाते. इथे ती मळसूत्रांच्या पोटातच दाबली जाते. त्यामुळे मोठ्या दाबाला ही जात कमी तापते. व्हिपल आणि केन बेल ही त्यातली नावे. दोन्ही जातींचे भाते इंजिनाच्या माथ्यावर, सिलिंडरांच्या दोन रांगांमधल्या खोलगट जागेत बसतात.

या दोन्ही जातींचा गुण एकच: प्रत्येक फेऱ्याला मोजून हवा देणे. समजा, भाता एका फेऱ्यात २.३ लिटर हवा देतो आणि पुलीच्या हिशेबाने क्रँकच्या दीडपट फिरतो. मग क्रँकच्या एका फेऱ्यामागे साडेतीन लिटरच्या जवळपास हवा आली. इंजिन स्वतःहून अडीच लिटरहून थोडी कमीच पिते. बाकीची जी जादा झाली, तोच दाब. इंजिन १,५०० फेऱ्यांवर असो की ६,०००, हे प्रमाण फारसे बदलत नाही. म्हणून सिग्नलवरून निघतानाच गाडी पुढे उडी घेते.

तिसरी जात केंद्रोत्सारी, म्हणजे पंख्याची. व्होर्टेक, प्रोचार्जर, पॅक्स्टन ही तिच्यातली जुनी घराणी. हा भाता दिसायला टर्बोसारखा, गोगलगाईच्या शंखासारखा. इंजिनाच्या पुढच्या अंगाला बसतो. आत दातेरी चाके असतात आणि पंखा मिनिटाला चाळीस-पन्नास हजार फेरे घेतो. पंख्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६,५०० फेऱ्यांवर आठ पौंड मिळणार असतील, तर निम्म्या फेऱ्यांवर चार नव्हे, दोनच पौंड मिळतील. मळसूत्री आणि पाळ्यांचा भाता खालपासून देतो. पंखा सगळे वर राखून ठेवतो.

इथे दादाची आणि काकांची पहिली चकमक झाली. दादाचे मन पंख्यावर बसले होते, कारण माहितीपत्रकात त्याच पैशात सर्वांत मोठा आकडा पंख्याचाच होता. काकांनी एकच विचारले, "तुझी गाडी दिवसभर किती फेऱ्यांवर असते?" दादाने आठवडाभर कामावर जाता-येता पाहून सांगितले: १,२०० ते ३,०००, क्वचित ४,०००. "मग सहा हजारावरचा आकडा कोणाला दाखवणार आहेस?" काका म्हणाले. फ्रीमाँटहून सॅन होजेकडे जाणाऱ्या ८८० क्रमांकाच्या हमरस्त्यावर सकाळी गाड्या मुंगीच्या चालीने सरकतात. तिथे पंख्याचे दोन पौंड म्हणजे जवळजवळ काहीच नाही. माहितीपत्रकातला मोठा आकडा हा डोंगराच्या शिखराची उंची असतो. आपल्याला रोज चढायचा असतो तो पायथ्याचा रस्ता.

तरीही पंख्याची बाजू मांडली पाहिजे. ज्याला महिन्यातून एकदा बंदिस्त धावपट्टीवर गाडी पळवायची आहे, इंजिन सतत ५,००० च्या वर ठेवायचे आहे, त्याला हाच भाता मी सुचवीन. तो कमी तापतो, मागच्या चाकांवर एकदम जोर आणत नाही, आणि इंजिनाच्या माथ्यावर ओझे न ठेवल्यामुळे दुरुस्तीला हात सहज जातो. रोजच्या गाडीसाठी तो वाईट, असे नाही. फक्त दादाच्या रोजच्या दिवसाशी त्याचा मेळ बसत नव्हता.

आता उष्णता. "आत हवा किती जाते ते तू वाचून दाखवतोस, पण त्या हवेची उष्णता जाते कुठे, ते तुझ्या कागदात आहे का?" असे काकांनी मला विचारले तेव्हा मी पाने उलटीत राहिलो. मग आम्ही पदार्थविज्ञानाचे जुने पाठ्यपुस्तक काढले. सायकलचा पंप मारताना त्याचे बूड तापते, हे सर्वांना ठाऊक आहे. भात्याचेही तेच. बाहेरची हवा ३० अंश सेल्सिअस आहे, समुद्रसपाटीचा दाब १४.७ पौंड आहे, आणि आपण त्यावर ८ पौंड चढवतो, असे धरू. दाब झाला दीडपटीहून किंचित अधिक: १.५४. यंत्र अगदी निर्दोष असते तरी हवा चाळीस अंशांनी तापली असती. प्रत्यक्षात यंत्र शंभरातले साठ गुण मिळवणारे धरले, तर ती पासष्टएक अंशांनी तापते, म्हणजे ९५ अंशांच्या घरात जाते. चहाला आधण ठेवावे अशी हवा! आणि तापलेली हवा विरळ असते. म्हणून दाब ५४ टक्क्यांनी वाढला तरी हवा प्रत्यक्षात २६ टक्केच वाढते. तीच हवा थंड करून ५५ अंशांवर आणली, तर वाढ ४२ टक्क्यांवर जाते. दाब तोच, भाता तोच, पट्टा तोच. फरक फक्त थंड करण्याचा. किटाच्या यादीत एका ओळीत उरकलेल्या इंटरकूलरची किंमत मला या हिशेबानंतर कळली.

विरळपणापेक्षाही मोठा धोका दुसरा आहे. तापलेल्या आणि दाबलेल्या मिश्रणातले पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप भडकते. इंजिन आतून ठोकू लागते. मेकॅनिक त्याला नॉकिंग म्हणतात. हातोडीचे हे घाव पिस्टनवर बसतात. दादाच्या इंजिनात हवा मुळातच अकरापट दाबली जाते, आणि त्याचे पिस्टन ओतीव आहेत, घडीव नाहीत. अशा इंजिनाला भाता लावायचा म्हणजे भरल्या ताटावर आणखी वाढण्यासारखे आहे. ते सोसायला पेट्रोल चांगल्या ऑक्टेनचे लागते. कॅलिफोर्नियात पंपावर मिळणारे सर्वांत वरचे पेट्रोल बहुधा ९१ ऑक्टेनचे असते. देशाच्या पूर्वेकडच्या राज्यांत ९३ सहज मिळते. (तिथला आकडा दोन चाचण्यांची सरासरी काढून लिहितात, आपल्याकडे एकाच चाचणीचा. त्यामुळे तिथले ९१ आपल्याकडच्या ९५-९६ च्या जवळ जाते. हे मला कळले तोवर मी काकांना दोन आठवडे चुकीचे सांगत होतो.) माहितीपत्रकातली ती भली मोठी अश्वशक्ती पाहा, तिच्याखाली बारीक अक्षरांत ९३ ऑक्टेन लिहिलेले आढळेल. ९१ वर तेच इंजिन सांभाळायचे तर ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते, आणि वेळ मागे गेली की शक्तीही उतरते. दुसरी मेख अशी की काहीजण क्रँकवरची शक्ती छापतात, काहीजण चाकांवर मोजलेली. मध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल बारा-पंधरा टक्के खाऊन टाकतात. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी ते एकाच मापाचे आहेत ना, हे पाहावे.

भात्याच्या उष्णतेला माणसे पूर्वीपासून भीत आली आहेत. १९२० नंतरच्या दशकातल्या मर्सिडीज गाड्यांत भाता कायम फिरत नसे. चालकाने पाय तळापर्यंत दाबला की तो जोडला जाई, आणि तसा थोडाच वेळ वापरायचा असे. बेंटलीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. टिम बर्किन या शर्यतपटूने साडेचार लिटरच्या बेंटलीला रेडिएटरच्या पुढे भाता लावला. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांना हे मुळीच पसंत नव्हते. त्यांचे मत, शक्ती हवी तर इंजिन मोठे करा. १९३० सालच्या चोवीस तासांच्या ल मांस शर्यतीत भातेवाल्या बेंटली वेगाने धावल्या आणि मध्येच बाद झाल्या. शर्यत जिंकली ती बिनभात्याच्या साडेसहा लिटरच्या बेंटलीने. मात्र त्याच वर्षी पो येथे झालेल्या फ्रेंच ग्राँ प्रीत बर्किनची भातेवाली गाडी दुसरी आली. त्यामुळे कोण बरोबर होते, हा वाद अजून मिटलेला नाही. भात्याला खरे वैभव आले ते विमानांत. उंचावर हवा विरळ होते, तिथे तो इंजिनाचा श्वास टिकवतो. रोल्स-रॉइसच्या मर्लिन इंजिनाचा भाता सुधारण्यात मोठा वाटा स्टॅन्ली हूकर यांचा होता, आणि ते मूळचे गणिती. हे वाचून आमच्या गणिताच्या सरांना आनंद होईल.

विमानाच्या गोष्टीत दादालाही रस होता, कारण तो सुट्टीत सिएरा पर्वतात जातो. डॉनर खिंड सुमारे ७,००० फुटांवर आहे. तिथे साध्या इंजिनाची वीसेक टक्के शक्ती हवेअभावी जाते. भात्याची गाडीही तिथे थोडी मंदावते. पण तिच्या इंजिनातला दाब समुद्रसपाटीच्या साध्या हवेपेक्षा वरचढच राहतो. हा लाभ कोणत्याही माहितीपत्रकाने छापला नव्हता.

इथवर भात्याचे झाले. पण किट म्हणजे केवळ भाता नव्हे. खरी फसगत इथेच होते. हवा ४२ टक्के वाढली तर पेट्रोलही तितकेच वाढले पाहिजे, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. म्हणजे मोठी इंजेक्टरे हवीत, पेट्रोलचा पंप तेवढे देऊ शकला पाहिजे, संगणकाला नवे कोष्टक शिकवले पाहिजे (त्याला तिकडे ट्यून म्हणतात), ठिणगीचे प्लग थंड जातीचे आणि कमी फटीचे हवेत. बाजारात एकाच भात्याची दोन किटे असतात: एक पूर्ण, आणि दुसरे "ट्यूनर" किट. दुसरे दीड-दोन हजार डॉलरने स्वस्त दिसते, कारण त्यात इंजेक्टरे नसतात, ट्यून नसते; ते तुमचे तुम्ही पाहायचे. जाणकाराला ते सोयीचे आहे. नवख्याला मात्र ते घोडा घेतला आणि खोगीर विसरला, असे होते.

दादाच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याचे असेच झाले. त्याने जाहिरात पाहून वापरलेले किट अर्ध्या किमतीत घेतले. भाता उत्तम होता. पण आधीच्या मालकाने त्याची पुली बदलून लहान बसवली होती. पुली लहान म्हणजे भाता जास्त फिरणार, दाब जास्त होणार. आणि संगणकातले कोष्टक मात्र जुन्या पुलीचे, तेही ९३ ऑक्टेनचे. तीन आठवडे गाडी स्वर्गात होती. मग एका गरम दुपारी चढावर इंजिन ठोकू लागले. गाण्याच्या आवाजात त्याला ते ऐकू आले नाही. इंजिन उघडले तेव्हा एका पिस्टनच्या रिंगांमधला धातूचा कठडा तुटलेला निघाला. नव्या इंजिनाला किटाच्या दुपटीहून जास्त खर्च आला, आणि दोन महिने तो दादाच्या गाडीतून कामावर येत होता. दादाकडेही दुसरी गाडी नव्हती. ही हकिकत ऐकल्यावर त्याने वापरलेल्या किटाचा नाद सोडला.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. कॅलिफोर्नियात दर दोन वर्षांनी गाडीच्या धुराची तपासणी होते. तपासनीस बॉनेट उघडून पाहतो. तिथल्या हवाशुद्धी मंडळाने त्या किटाला, त्या सालच्या त्या गाडीसाठी, सूट दिल्याचा आदेशक्रमांक दिसला तर ठीक. नाहीतर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी नापास. पुली बदलली की तो क्रमांकही निरुपयोगी. म्हणून दादाने सर्वांत आधी हा क्रमांक असलेल्या किटांची यादी केली, आणि निम्मी नावे तिथेच गळाली. मला विचाराल तर कॅलिफोर्नियातल्या माणसाने निवडीला सुरुवात इथूनच करावी. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ५२ व्या कलमाने नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. तेव्हा हा लेख वाचून कोणी प्राचार्यांच्या गाडीवर प्रयोग करू नये.

उरलेल्या किटांत दादासमोर दोनच राहिली. एक मोठ्या मळसूत्रांचे, तीन लिटरच्या आसपासचे, दुसरे २.३ लिटरच्या पाळ्यांचे. पहिल्याची शक्ती साठ-सत्तर अश्वांनी जास्त होती, आणि मोठा भाता संथ फिरत असल्याने तो कमी तापतो हा मुद्दाही खरा होता. पण त्याची ती जास्तीची शक्ती वापरायची तर क्लच, मागची चाके, पेट्रोल पंप, सगळ्यांनाच हात लावावा लागला असता. एकावर एक वस्तू रचत गेल्यास प्रत्येक पुढच्या वस्तूपासून मिळणारे समाधान कमी होत जाते, हा घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत आम्ही अर्थशास्त्रात शिकलो. तो मी फोनवर दादाला पाठ म्हणून दाखवला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला, हे विशेष.

काकांनी शेवटच्या दोन गोष्टी विचारल्या. पहिली पट्ट्याची. भाता फिरवणारा पट्टा पुलीला पुरेसा वेढा घालतो का, आणि त्याला किती धारा आहेत? कारण पट्टा घसरला तर दाब पडतो, आणि घसरून तापला तर तुटतो. कारखान्याचा मूळ पट्टा सहा धारांचा होता; या किटात आठ धारांचा स्वतंत्र पट्टा आणि ताण देणारी कप्पी होती. दुसरी गोष्ट संथ चालीची. पाय हलका असताना भाता इंजिनाला ओझे होतो का? फारसा नाही. या भात्याला एक आडवाट ठेवलेली असते. दाब नको असेल तेव्हा हवा तिच्यातून मागच्या मागे फिरत राहते, आणि भाता जवळजवळ फुकटात फिरतो. सपाट रस्त्यावर सावकाश चालवले तर पेट्रोलचा खर्च बराचसा पूर्वीइतकाच राहतो. "सावकाश चालवले तर," काकांनी पुन्हा म्हटले.

२.३ लिटरचे पूर्ण किट आले. किंमत आणि कर मिळून आठ हजारांच्या थोडे वर. दादाने एका मित्राला बरोबर घेऊन दोन शनिवार-रविवार घरासमोर बसून ते जोडले. इंटरकूलरचे पाणी भरताना त्यात हवेचा बुडबुडा अडकून राहिला. पंप चालू असूनही पाणी फिरेना, आणि अख्खी संध्याकाळ तो शोधण्यात गेली. काकांनी फोनवरून सांगितले की गाडीचे तोंड चढावर कर आणि पुन्हा भर. एस.टी.च्या गाड्यांच्या रेडिएटरवर ही युक्ती त्यांनी शेकडो वेळा केली असावी.

पहिल्या दिवशी दादाने कामावरून परतताना फोन लावला. भात्याची बारीक शीळ आम्हाला ऐकवायची होती. मावशी म्हणाली, मिक्सरसारखा आवाज येतो. काकांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकले आणि विचारले, "बाहेर किती, आत किती?"

"बाहेर ३१. गर्दीत थांबलो होतो तेव्हा आत ६० गेले होते, बाबा. आता चालती आहे, ४६."

"उतरतेय ना? मग ठीक," काका म्हणाले, आणि चहा घ्यायला उठले.